माहितीस्तव सविनय सादर

कारखान्यात संगणक यायचा होता तेव्हा त्याच्यासाठी आधी खोली बांधली, मग खोलीला काच बसवली, मग काचेबाहेर चपला काढायला जागा केली. चपला काढण्याचं कारण धूळ हे होतं. पण पहिल्याच आठवड्यात लोक आत येताना हात जोडू लागले. उद्घाटनाच्या दिवशी यंत्राच्या कपाळावर, म्हणजे कपाळ जिथं असावं असं सर्वांना वाटलं तिथं, कुंकवाचं बोट ओढलं गेलं. नारळाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मी मध्ये आडवा झालो. त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात मी यंत्रापुढे वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. आमचं घर छप्पननंतरचं बौद्ध. घरात देव्हारा नव्हता, पुस्तकांची फळी होती. तो फोटो पाहून आई म्हणाली, "शिकून ह्येच केलं व्हय?"

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. भूमच्या बाजूचा कोरडा मुलूख, त्यात सहकारी साखर कारखाना. ज्या भागात माणसांना प्यायला टँकर लागतो तिथं ऊस लावायचा, ही आमची हौस जुनी आहे आणि तिच्यावर बोललेलं कुणाला आवडत नाही. मी बी.एस्सी. होऊन, पुण्यात थोडं प्रशिक्षण घेऊन तिथं संगणक चालक म्हणून लागलो होतो. यंत्र युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायचं. त्याच्याबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली होती. ती ज्याने लिहिली तो वाचकाचा आदरही करत नव्हता आणि अपमानही. त्याला सांगायचं तेवढं सांगून तो पुढे जात होता. कारखान्यातल्या भाषणांनंतर ही पुस्तकं वाचताना मला बरं वाटायचं.

माझं काम म्हणजे रोजच्या बारीकसारीक कुरबुरी निस्तरणं. बराच वेळ वीज गेली की यंत्र उठल्यावर स्वतःची डिस्क तपासत बसायचं आणि तारीख विचारायचं. एकाला पासवर्ड आठवायचा नाही, आणि बाकी सगळ्यांना त्याचा आठवायचा, कारण तो सगळ्यांनी मिळूनच ठरवलेला असायचा. निम्म्या कचेरीचा पासवर्ड सोनारीच्या भैरोबाचं नाव होतं. बदला म्हणून सूचना काढली तर त्यांनी एका देवाच्या जागी दुसरा देव आणला आणि तोही एकमेकांना विचारून. फारच अडलं तर पुण्याहून कंपनीचा इंजिनीअर यायचा. येडशी स्टेशनवर छोट्या गाडीतून उतरून तो कारखान्यावर पोचेपर्यंत बिघाड बहुधा जुना झालेला असायचा.

यंत्राचं सर्वांत मोठं काम होतं ऊसतोडीच्या चिठ्ठ्या काढायचं. चिठ्ठी म्हणजे अमक्याचा ऊस आता तोडायचा, हा कारखान्याचा हुकूम. ती असल्याशिवाय वजनकाट्यावर गाडी घेत नाहीत. यंत्राच्या आधी या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या जायच्या, आणि हाताला नाती कळतात. संचालकाच्या मेव्हण्याचा कोवळा ऊस दिवाळीत तुटायचा आणि वाड्यावस्त्यांवरच्या माणसाचा फड उन्हाळ्यात वाळून चिपाड व्हायचा. यंत्र लागणीच्या तारखेप्रमाणे नंबर लावायचं. हे त्याला मी शिकवलं होतं, आणि चेअरमनसाहेबांनी एका सभेत भावनेच्या भरात 'यापुढे हाती चिठ्ठी बंद' अशी घोषणा केली होती. नंतर त्यांना पस्तावा झाला असावा, पण टाळ्या पडून गेल्या होत्या.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. संक्रांतीच्या सुमारास विहिरींनी तळ दाखवला आणि उभा ऊस वजनाला हलका व्हायला लागला. अशा दिवसांत एका सकाळी मी खोलीशी आलो तर चपला काढायच्या जागेवर एक बाई बसलेली. वय पन्नाशीचं, डोक्यावरून पदर, पायांवर शेतातली माती.

"चिठ्ठीवालं यंत्र हितंच हाय न्हवं?"

"इथंच. पण चिठ्ठ्या चिटबॉय आणून देतो की, मावशी."

चिटबॉय म्हणजे गावोगाव चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा माणूस.

"त्यो म्हनला, छापल्याबिगर म्या काय वाटू. नंबर माजा हाय, यादीत वाचलाय. टोळी फडात येऊन बसलीय. मुकादम म्हनतो, दुपारपातूर चिठ्ठी आली न्हाय तर आमी पुढल्या फडात जानार, बायकापोरं उपाशी ठिवून मी बसू का. त्येचंबी खरंय."

मी विचारलं, टोळी गेली तर परत कधी?

"ती कशाला येती? मग उन्हाळा. हिरीला पानी न्हाय, ऊस जळून जाईल. आन दोन म्हशी हायेत, त्या वाढ्याकडं डोळं लावून बसल्यात. ह्या साली दुसरी वैरण कुठाय?"

वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. दुष्काळात तो तोडणाऱ्याला आणि शेतकऱ्याला उसाइतकाच मोलाचा. तिचं सगळं तेवढ्या एका कागदाच्या पट्टीवर येऊन थांबलं होतं.

मी लहान असताना, बहात्तरच्या दुष्काळात, आई खडी फोडायला जायची. सकाळी हजेरी घेणारा कारकून नावं वाचायचा. नाव आलं नाही की त्या दिवशी काम नाही. सगळी नावं वाचून होईपर्यंत आई पाटी डोक्यावरून खाली ठेवायची नाही. मावशी चपलांच्या जागेवर तशीच बसली होती, टेकून न बसता.

"आत या," मी म्हटलं. "खुर्चीवर बसा."

"हितं लई गार हाय की," ती आत येत म्हणाली. "यंत्राला उकडतं व्हय?"

"त्याला सोसत नाही."

"बरं हाय त्येचं."

मी कामाला लागलो. चिठ्ठ्या छापायची आज्ञा दिली. प्रिंटर गप्प. कागद पाहिला, लागलेला होता. रिबीन नवी होती. वायर दोन्ही टोकांना घट्ट. प्रिंटरला स्वतःचीच चाचणी छापायला लावली तर त्याने खडखड करत सगळी अक्षरं ओळीने छापून दाखवली. म्हणजे तो ठीक होता, त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मग रांग पाहिली. छापायला दिलेलं काम आधी यंत्रातल्या एका रांगेत उभं राहतं. रांग रिकामी. मी पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा रांग रिकामी. काम रांगेत शिरायच्या आधीच कुठंतरी गळून पडत होतं.

अशा वेळी यंत्र आपली तक्रार माझ्या पडद्यावर नाही, शेजारच्या मुख्य पडद्यावर लिहितं. पण त्या दिवशी मुख्य पडद्यावर जांभळं मखमली कापड होतं. बाराच्या सुमारास शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याचे संचालक आमचा संगणक पाहायला येणार होते, आणि चेअरमनसाहेबांच्या हस्ते कापड बाजूला सारून त्यांना पडदा दाखवायचा, असा कार्यक्रम कार्यालय अधीक्षकांनी आखला होता. मी कापड उचललं. पडदा वरपासून खालपर्यंत एकाच वाक्याने भरला होता. डिस्कवर जागा नाही, डिस्कवर जागा नाही. सकाळपासून यंत्र मखमलीखाली हेच सांगत होतं.

"काय म्हनतंय?" मावशीने विचारलं.

"पोट भरलंय म्हणतंय. आता घास घेत नाही."

"कशानं भरलं?"

तेच शोधायचं होतं. डीएफ म्हणून आज्ञा आहे, तिने किती भरलंय ते कळतं. डीयू म्हणून दुसरी, तिने कुणी भरलंय ते कळतं. मी आधी माझंच घर झाडलं. जुन्या नोंदी, अर्धवट प्रयोग, तात्पुरत्या फाइली काढून टाकल्या. थोडी जागा झाली. चिठ्ठ्यांची आज्ञा दिली. पाहतो तर ती जागाही भरून गेलेली आणि चिठ्ठी एकही नाही. कुणीतरी माझ्या मागोमाग जागा खात होतं. मग डीयू चालवली आणि आकडे पुन्हा एकदा वाचले.

यंत्रात प्रत्येकाला आपापला एक कप्पा असतो. शेतकी खात्याचा, काट्याचा, भांडाराचा. त्या सगळ्यांचे मिळून जेवढे भरले होते त्याहून जास्त एकटा चेअरमनसाहेबांचा भरला होता. आणि साहेब यंत्राला उद्घाटनानंतर शिवलेले नव्हते.

कारण सांगायला हवं. आमच्या कचेरीत कुठलाही कागद निघाला की त्याची एक प्रत 'मा. चेअरमनसाहेब यांना माहितीस्तव सविनय सादर' अशी जायची. दस्तूरच होता. प्रत गेली नाही तर कागद पोरका मानला जायचा. अधीक्षकांचं आयुष्य या दस्तुरात गेलं होतं. यंत्र आल्यावर त्यांनी मला लेखी आदेश दिला, की यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक अहवालाची एक प्रत साहेबांच्या कप्प्यात आपोआप जावी. दुसऱ्या कलमात होतं की त्या कप्प्यास साहेबांच्या अनुमतीविना कोणीही हात लावू नये. मी तशी सोय केली. त्यामुळे हंगाम सुरू झाल्यापासून काट्यावरची प्रत्येक गाडी, डिझेलचा प्रत्येक थेंब आणि प्रत्येक सुधारित यादीची प्रत्येक सुधारणा साहेबांच्या चरणी जाऊन पडत होती. साहेबांना अर्थातच याची माहिती नव्हती.

मी अधीक्षकांना बोलावून आणलं. ते आले, मखमल उचललेली पाहून त्यांचा चेहरा पडला. मी सांगितलं, या प्रती काढून टाकाव्या लागतील. मूळ अहवाल आपापल्या जागी आहेतच. वाटलं तर प्रती टेपवर उतरवून ठेवतो.

"काढून टाकायच्या म्हणजे टिपणी ठेवावी लागेल," ते म्हणाले.

"ठेवा."

"टिपणीत कारण लिहावं लागेल. काय लिहू? साहेबांनी वाचलं नाही म्हणून साचलं?"

"खरं तेच आहे."

"खरं असलं तरी टिपणी आहे ती."

युक्तिवाद चोख होता. प्रती काढून टाकायचा अधिकार मला यंत्राने दिला होता, कार्यालयाने नव्हता. पुण्याला ट्रंक कॉल लावून ठेवला होता, पण तो लागला असता तरी इंजिनीअरनेही हेच सांगितलं असतं. त्याला टिपणी ठेवावी लागत नव्हती, एवढंच.

अधीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी मावशीकडे पाहिलं, तिची अडचण ऐकली आणि खिशातलं पेन काढलं. "बाई, तुम्हाला मी हाताने चिठ्ठी लिहून देतो. साहेबांची सही घेऊ, काट्यावर फोन करू. जा तुम्ही."

मला वाटलं सुटला प्रश्न. मावशीने पेनाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको."

"नको? अहो, तुमची टोळी चाललीय ना?"

"चाललीय की. पर आज मला हातानं दिली की उद्या सगळ्याला हातानं. तुमचं पेन एकदा निघालं की खिशात जातंय व्हय? मग पुढल्या साली माजा नंबर कुठं? माजी तिथं कोन वळखीचं बसलंय? ह्या यंत्राला कुनी वळखत न्हाय, आन त्ये कुनाला वळखत न्हाय, म्हनून तर नंबर आला."

अधीक्षकांनी पेन परत खिशाला लावलं. ते रागावले असावेत. तिने सोपी वाट नाकारली होती आणि घड्याळ पुढे सरकत होतं. एवढंच म्हणाली, "टोळी जायच्या आत काय हुतंय बघा सायेब. म्या बसते."

"इथं नका बसू," अधीक्षक म्हणाले. "पाहुणे यायचेत."

"मग मीबी पाहुनीच की. सकाळधरनं आलीय."

ती उठली नाही. मी दरम्यान प्रती टेपवर उतरवायला लावल्या. उतरवून ठेवायला कुणाची अनुमती लागत नव्हती. आदेश हात न लावण्याबद्दल होता, नक्कल करण्याबद्दल नव्हता. टेपची चाकं सावकाश फिरत राहिली. मावशी ती पाहत राहिली आणि मध्येच म्हणाली, "रहाटावानी हाय. पर पानी दिसंना." अधीक्षकांनी मखमल पुन्हा पडद्यावर टाकली, सुरकुती नीट केली आणि हारवाल्याला पाहायला बाहेर गेले.

टेप संपली आणि पाहुणे आले. पांढऱ्या कपड्यांनी खोली भरली. सगळ्यांनी चपला काढल्या होत्या, दोघांनी हातही जोडले. चेअरमनसाहेब धिप्पाड, बोलायला गोड, आणि सभेतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाचं मन ओळखणारे. त्यांनी मखमल सारली. पडद्यावर तेच वाक्य होतं. पाहुण्यांना ते इंग्रजी असल्यामुळे भारदस्त वाटलं.

"इथं बटण दाबलं," साहेब म्हणाले, "की तिथं शेतकऱ्याची चिठ्ठी बाहेर. वशिला नाही, नातं नाही. दाबा हो."

मी दाबलं. प्रिंटर गप्प राहिला. सगळे त्याच्याकडे पाहत राहिले.

"काय झालं?"

"साहेब, यंत्रात जागा उरलेली नाही."

"कशानं भरली?"

अधीक्षक माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत हुकूम नव्हता, विनंती होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून मावशी बोलली.

"तुमच्या कागदानं भरलीया म्हनं, सायेब. जे काय छापत्यात त्येची एक परत तुमाला. लई साचल्यात."

"माझ्या?" साहेब खरोखर चकित झाले. "मला कुणी सांगितलं नाही."

"त्या आदेशाच्या तुमच्या प्रतीत लिहिलेलं आहे, साहेब," अधीक्षक हळूच म्हणाले.

पाहुण्यांतला एक पिकल्या मिशांचा संचालक हसायला लागला. "चेअरमन, एवढं सगळं वाचता का तुम्ही? आमच्याकडं तर मी आलेली पत्रंबी वाचत नाही."

मला वाटलं आता वीज पडणार. साहेबांनी एकदा पाहुण्यांकडे, एकदा मावशीकडे पाहिलं. आपलं न वाचणं चारचौघांत उघड झालं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यातून दिमाखाने कसं बाहेर पडायचं हेही त्याच वेळी ध्यानात आलं. या माणसाबद्दलचं माझं मत त्या दिवशी थोडं सुधारलं.

"वाचत बसलो असतो तर कारखाना कुणी चालवला असता?" ते म्हणाले. "काढून टाका सगळं. शेतकऱ्याची चिठ्ठी आधी, माझी माहिती मागनं."

"टिपणी..." अधीक्षक पुटपुटले.

"तोंडी आदेश समजा."

मी फाइली पुसणारी आरएम ही आज्ञा टाइप केली. ही आज्ञा टाइप करताना मी नेहमी दोनदा वाचतो, कारण युनिक्स 'नक्की ना?' असं विचारत नाही. ते समोरच्याला शहाणं समजतं. दोनदा वाचली, टेपवर सगळं उतरल्याची एकदा खातरी केली आणि बटण दाबलं. मग नव्या प्रती पाठवणारी सोय थांबवली आणि चिठ्ठ्यांची आज्ञा दिली.

क्षणभर काही नाही. मग प्रिंटर खडखडायला लागला. त्या आवाजाला मी कधी संगीत म्हणणार नाही, पण खोलीतला प्रत्येक माणूस पुढे सरकला. कागद घड्या उलगडत बाहेर येत राहिला.

"हिची कुठली?" साहेबांनी विचारलं. "फोटोग्राफर, इकडं या. पहिली चिठ्ठी मी माझ्या हाताने या भगिनीला..."

"माजी पयली न्हाय," मावशी म्हणाली. "माज्या आधी लोकं हायेत. नंबरानं येऊ द्या."

साहेब हात पुढे करून उभे राहिले आणि कागद आपल्या चालीने येत राहिला. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली केला, पुन्हा लावला. अखेर तिची आली. साहेबांनी ती फाडून दिली, फोटो निघाला. तिने चिठ्ठी पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाली, "आता मला कुनी तरी गाडीवर सोडा. यष्टी दुपारनं हाय."

साहेबांची जीप तिला घेऊन गेली. पाहुण्यांना चहा थोडा थांबून मिळाला. चिटबॉय उरलेला गठ्ठा घेऊन मोटारसायकलवरून निघाला.

टोळी गेलेली नव्हती. हे मला संध्याकाळी काट्यावर कळलं. मुकादमाने दूरवरून जीप पाहिली तेव्हा त्याला वाटलं, कारखान्याचे लोक आपल्यालाच दटावायला आले. म्हणून त्याने आधीच कोयते चालू करायला लावले होते. पहिली गाडी दुसऱ्या दिवशी आली. ऊस बारीक होता, पण ओला होता.

प्रतींचं पुढे असं झालं. अधीक्षकांना दस्तूर मोडवेना आणि मला डिस्क भरू द्यायची नव्हती. आम्ही बसून तोडगा काढला. प्रती साहेबांच्या कप्प्यात जात राहिल्या, आठवडाभर थांबल्या आणि दर रविवारी सकाळी यंत्र त्या आपोआप काढून टाकू लागलं. काढण्याआधी ते एका ओळीत 'मा. चेअरमनसाहेबांचे अवलोकन झाले' असं नोंदवायचं. ही ओळ अधीक्षकांनी सुचवली होती. मी तिच्यावर थोडा हसलो, पण जागा तिला अगदी कमी लागत होती. आणखी एक नियम मी न विचारता केला. मुख्य पडद्यावर काहीही झाकायचं नाही, मखमल तर नाहीच. ते कापड पुढे अधीक्षकांच्या खुर्चीच्या पाठीवर दिसायचं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. मावशीने ऊस कमी केला, अर्ध्या रानात तूर घातली, आणि उरलेल्या उसाचा नंबर हंगामात आपल्या वेळेला आला. त्या दिवशी तिची गाडी काट्यावर उभी होती आणि ती आमच्या काचेपाशी आली. चपला काढल्या नाहीत, आत आली नाही. काचेवर बोट वाजवलं.

"जागा हाय का आज?"

मी डीएफ चालवून पाहिलं. पाहायची गरज नव्हती, पण तिने विचारलं होतं.

"आहे, मावशी. भरपूर आहे."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि म्हशींसाठी वाढ्याची पेंढी बांधायला परत गाडीकडे गेली.